पार्किंगमधला ओरखडा आणि सोळावा अध्याय



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय सोळावा, श्लोक १ ते ३.

अध्याय तसा छोटा, २४ श्लोकांचा. पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीचे २६ गुण एका दमात सांगून टाकतात. लगेच चौथ्या श्लोकात आसुरी संपत्तीची सहा लक्षणं येतात. ज्ञानेश्वरीत माऊली या यादीतल्या एकेका शब्दापाशी थांबतात, दृष्टांतावर दृष्टांत देतात. आपण मात्र ही यादी कशी वाचतो? ॲप इन्स्टॉल करताना अटी वाचतो तशी. अंगठ्याने सरकवायची, खाली 'मान्य' म्हणायचं आणि पुढे जायचं.

म्हणून आज मी ठरवलं की २६ गुण पाठ करण्याऐवजी एक अगदी साधा प्रसंग घ्यायचा आणि त्यात यातले किती गुण लागतात ते बघायचं. प्रसंग असा: पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना दुसऱ्याच्या उभ्या गाडीला लागली. वेग ताशी पाच किलोमीटर. कुणाला इजा नाही. दाराला छोटा पोचा आणि वीतभर ओरखडा.

तुम्ही म्हणाल, गीता सांगितली कुरुक्षेत्रावर आणि हा माणूस चाललाय बेसमेंटमध्ये. पण खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणांच्या वाट्याला कुरुक्षेत्र येतं? बेसमेंट मात्र रोज येतं. रस्त्यावर अपघात झाला तर गर्दी जमते, पोलीस येतात, पळायला वाव नसतो. पार्किंगमध्ये कुणीच नसतं. नुकसान इतकं छोटं असतं की पळून जाणं सहज जमतं, आणि पळून गेल्यावर स्वतःला समजावणंही सहज जमतं. म्हणूनच परीक्षा इथे जास्त खरी होते.

यादी अभयापासून का सुरू होते?

२६ गुणांत पहिला गुण सत्य नाही, दयाही नाही. पहिला आहे अभय. सत्याचा नंबर बराच पुढे, दुसऱ्या श्लोकात लागतो. मला हा क्रम फार व्यवहारी वाटतो. आपण खोटं का बोलतो? बहुतेक वेळा लोभाने नाही, भीतीने. बाबा काय म्हणतील, किती पैसे मागतील, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येईल, समोरचा अंगावर येईल. भीती बसलेली असताना सत्य बोलायला सांगणं म्हणजे हँडब्रेक वर असताना ॲक्सिलरेटर दाबणं. आवाज होतो, गाडी हलत नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास आमच्या इमारतीतल्या एका मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नुकतीच इंटर्नशिप लागलेली, वडिलांची गाडी शिकत होता. "दादा, जरा खाली येतोस का? पार्किंगमध्ये." आवाजावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

खाली गेलो. खांबाला वळसा घालून रिव्हर्स घेताना त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचं मागचं दार चेपवलं होतं. काका निवृत्त, स्वभावाने तापट. त्या कोपऱ्यातला कॅमेरा महिनाभर बंद होता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. वॉचमन गेटवर. बेसमेंटमध्ये आम्ही दोघेच.

तो म्हणाला, "दादा, कुणी बघितलं नाहीये." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "उद्या सकाळी कळेलच की त्यांना. पण कुणी केलं ते नाही कळणार."

मी त्याला प्रवचन दिलं नाही. एवढंच विचारलं, "काकांना सकाळी ओरखडा दिसला, तर ते पहिलं कुणाला धरतील?"

उत्तर त्याला माहीत होतं. आमच्याकडे पहाटे पाच वाजता एक मुलगा गाड्या पुसायला येतो. बादली, दोन फडकी आणि पंचवीसेक गाड्या. कुठल्याही गाडीवर नवी रेघ दिसली की ग्रुपवर पहिला मेसेज असतो, "गाडी पुसणाऱ्याला विचारा." त्याच्या आधी जो मुलगा यायचा, त्याचं काम असंच गेलं. आरसा तुटलेला सापडला, कुणी काही शाबीत केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेटवर त्याला आत सोडलं नाही, एवढंच.

इथे मला आजचं वाचन लख्ख दिसलं. आपण समजतो की गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं. पण आपण गप्प बसलो म्हणून नुकसान हवेत विरत नाही. ते उतारावरच्या पाण्यासारखं खाली खाली जातं आणि ज्याला 'मी नाही केलं' हे ठासून सांगता येत नाही, त्याच्या पायाशी जाऊन साठतं. वॉचमन, गाडी पुसणारा, डिलिव्हरीवाला, शेजारच्या बाईंकडे कामाला येणारी मावशी. गीतेच्या या यादीत अहिंसा आहे, अद्रोह आहे, दया आहे. बेसमेंटमध्ये त्यांचा अर्थ एवढाच: माझ्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या पगारातून जाऊ द्यायचं नाही.

आम्ही वर गेलो. काकांनी दार उघडलं. मुलाने एका वाक्यात सांगितलं, "काका, तुमच्या गाडीला माझ्याकडून लागलं, मागच्या उजव्या दाराला. खर्च मी देणार आहे." काका चिडले. अगदी दहा मिनिटं बोलले, आजकालच्या पोरांवर, त्याच्या वडिलांवर, थोडंसं माझ्यावरही. मग चप्पल घालून खाली आले, टॉर्च मारून बघितलं, आणि म्हणाले, "उद्या गॅरेजला दाखवतो." डेंटिंग-पेंटिंगचे ४,८०० रुपये झाले. मुलाने दोन हप्त्यांत, स्टायपेंडमधून दिले. काका काही एका रात्रीत संत झाले नाहीत. लिफ्टमध्ये अजूनही त्याला "हळू चालव रे" म्हणतात.

आणि गाडी पुसणारा? तो नेहमीसारखा पहाटे पाचला आला, गाड्या पुसल्या आणि गेला. आदल्या रात्री त्याची नोकरी वाचली हे त्याला आजही माहीत नाही.

आता क्रमाने: काय करायचं?

इथून पुढचं सेव्ह करून ठेवा. मी प्रत्येक पायरीपुढे त्या तीन श्लोकांतला एक गुण लिहिला आहे, म्हणजे यादीही लक्षात राहील.

पहिली पायरी, अचापल्य. म्हणजे उगाच हातपाय न हलवणं, धांदल न करणं. लागल्याचा आवाज आला की आपण घाबरून लगेच गाडी पुढे घेतो. थांबा. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, हॅझार्ड लाइट चालू. खाली उतरा. सर्वांत आधी माणसं बघा, मग पत्रा. गाडीच्या मागे एखादं मूल, एखादा स्कूटरवाला, खाली बसलेला कुणी नाही ना? कुणालाही लागलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

दुसरी पायरी, आर्जव. मराठीत आर्जव म्हणजे विनवणी, पण गीतेतल्या आर्जवाचा अर्थ सरळपणा, ऋजुता. जे झालं ते सरळ नोंदवा. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: दोन्ही नंबरप्लेट दिसतील असा लांबून एक, ओरखड्याचा जवळून एक, खांबाचा किंवा पार्किंगचा नंबर दिसेल असा एक. आपल्या गाडीचंही नुकसान घ्या. फक्त स्वतःच्या सोयीचे फोटो काढणं हे आर्जव नाही. मात्र मागे गाड्या अडकून पडल्या असतील तर दोन फोटो घेऊन बाजूला व्हा.

तिसरी पायरी, अभय. मालकाला शोधा. सोसायटीत असाल तर स्टिकरवरून किंवा वॉचमनकडच्या रजिस्टरवरून पाच मिनिटांत सापडतो. मॉलमध्ये असाल तर पार्किंगच्या माणसाला गाठा, गाडीचा नंबर पुकारायला सांगा. दहा-पंधरा मिनिटं वाट बघा. नाहीच कुणी आलं, तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीत आपलं नाव, फोन, गाडीचा नंबर, वेळ आणि एक वाक्य: 'रिव्हर्स घेताना माझ्या गाडीचा धक्का तुमच्या डाव्या दाराला लागला, कृपया फोन करा.' नुसतं 'सॉरी' लिहून बदाम काढणं म्हणजे चिठ्ठी नव्हे. पाऊस असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घाला. चिठ्ठीचा फोटो काढा आणि पार्किंगच्या माणसालाही सांगून ठेवा, कारण कागद उडून जातो.

चौथी पायरी, सत्य. इथे एक बारीक मुद्दा आहे. सत्य म्हणजे काय घडलं ते पूर्ण सांगणं. जागच्या जागी एखादी रक्कम कबूल करणं म्हणजे सत्य नव्हे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करू नये किंवा पैसे देण्याचं वचन देऊ नये. काही हुशार मंडळी या अटीचा अर्थ 'काहीच बोलू नका, नाकारा' असा लावतात. तो अर्थ चुकीचा आहे. काय झालं ते सांगायचंच. फक्त क्लेम करायचा विचार असेल, तर पैशाचं बोलण्याआधी कंपनीला फोन करायचा. क्लेम न करता खिशातून देणार असाल, तर तो तुमच्या दोघांतला व्यवहार. तिथे गॅरेजचं लेखी एस्टिमेट घ्या, पैसे यूपीआयने द्या, आणि 'हिशेब पूर्ण' असा मेसेज एकमेकांना पाठवा. नंतर कुणालाच वाकडं बोलायला जागा राहत नाही.

पाचवी पायरी, दम. म्हणजे इंद्रियांवर ताबा, इथे मुख्यतः जिभेवर. समोरचा चिडलेला असताना "तुम्हीच गाडी वाकडी लावली होती" हे वाक्य खरं असलं तरी त्या क्षणी गिळा. सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. तिथे बोलणं खरं असावं एवढंच नाही, तर ते ऐकणाऱ्याला न टोचणारं, प्रिय आणि हिताचंही असावं, अशी अपेक्षा आहे. गाडी खरंच पट्ट्याबाहेर लावली असेल तर ते फोटोत दिसेल. फोटोला राग येत नाही. त्याच्यावर सोपवा.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर पोलिसांनी विचारल्यावर माहिती देणं, पोलीस तिथे नसतील तर लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या ठाण्यात कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. पार्किंगमधल्या ओरखड्यासाठी बहुतेक लोक आपसात मिटवतात हे खरं. पण कुणाला इजा झाली असेल, मालक सापडतच नसेल, किंवा प्रकरण हमरीतुमरीवर आलं असेल, तर ठाण्यात जाऊन नोंद करा. पोलीस ठाण्यात स्वतःहून जाण्यात कमीपणा नाही. उलट, चिठ्ठी उडून गेली तरी तुमचं आर्जव कागदावर राहतं.

"तुमच्या इन्शुरन्समधून करून घ्या ना!"

हे वाक्य फार गोड वाटतं. जणू मध्ये कुणी तिसरा श्रीमंत माणूस आहे आणि तो सगळं देणार आहे. जरा हिशेब मांडूया, कारण हिशेब चुकला की धर्मही चुकतो.

वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या नूतनीकरणाला ओन डॅमेज प्रीमियमवर सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं झाली की ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या वेळी ही सूट शून्यावर येते, वेगळं संरक्षण विकत घेतलेलं नसेल तर. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम मालकाला स्वतः भरावी लागते: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००.

आता उदाहरण घ्या. समजा काकांचा ओन डॅमेज प्रीमियम सूट धरण्याआधी ८,००० आहे आणि त्यांना ५० टक्के सूट मिळते. दुरुस्ती ४,८०० ची. त्यांनी स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केला, तर १,००० खिशातून जातील आणि पुढच्या वर्षी ४,००० ची सूट जाईल. म्हणजे ५,००० त्यांचेच गेले, आणि पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत चढायला पाच वर्षं. धक्का मारला मी, सूट गेली त्यांची! 'तुमच्या इन्शुरन्समधून करून घ्या' याचा साधा मराठी अर्थ आहे, 'माझं तुम्ही भरा'.

थर्ड पार्टी विमा सर्वांना सक्तीचा आहे, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही त्यात येतं; खासगी गाडीला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. पण समोरच्याला त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. चार-पाच हजारांसाठी तिथे कोण फेऱ्या मारणार? म्हणून छोट्या नुकसानीत सरळ मार्ग एकच: ज्याच्याकडून लागलं त्याने दुरुस्तीचं बिल द्यावं. रक्कम एकदम झेपत नसेल तर हप्ते मागावेत. हप्ते मागण्यात लाज नाही. लाज वाटायला हवी ती दुसऱ्या गोष्टीची, आणि तिचं नावही या यादीत आहे: ह्री. वाईट करताना आतून वाटणारा संकोच. आमच्या भाषेत सांगायचं तर ह्री म्हणजे मॉनिटरिंगचा अलर्ट. तो वाजला याचा अर्थ सिस्टिम बिघडली असं नाही, सिस्टिम जिवंत आहे. अलर्ट म्यूट केल्याने बग जात नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कामावर शिकलेलं आहे.

आणि गाडी आपली असेल तर?

वरचं सगळं धक्का देणाऱ्यासाठी झालं. पण कधी आपण दुसऱ्या बाजूला असतो. ऑफिसमधून थकून खाली येतो आणि आपल्या गाडीला कुणीतरी घासून गेलेलं असतं. तेव्हा कोणते गुण?

पहिला अक्रोध. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी रागाचा पूर्ण स्टॅक ट्रेस दिला आहे. एखाद्या विषयाचं मनात घोळवणं, त्यातून आसक्ती, त्यातून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते, बुद्धी जाते आणि माणूसच वाया जातो. बघा, वरून पहिली ओळ क्रोधाची नाही. पहिली ओळ घोळवण्याची आहे. गाडी घेतल्यापासून आपण तिला किती घोळवलेलं असतं! शोरूममधला फोटो, स्टेटस, सीटवरचं प्लास्टिक सहा महिने न काढणं. म्हणून पत्र्याला लागतं आणि कळ छातीत येते. डीबग करायचं तर शेवटच्या ओळीवर नाही, पहिल्या ओळीवर.

दुसरा गुण क्षमा. इथे आपल्या भक्त मंडळींची एक गफलत होते. क्षमा म्हणजे बिल न घेणं, असं वाटतं. तसं नाही. माणसाला माफ करा आणि दुरुस्तीचा रास्त खर्च घ्या, दोन्ही एकाच वेळी जमतं. देणारा विद्यार्थी असेल, रिक्षावाला असेल, आणि तुम्हाला सोडून देणं परवडत असेल, तर सोडा. ते दान, तेही याच यादीत आहे. पण दान स्वेच्छेचं. कुणी ते तुमच्याकडून मागून घेऊ शकत नाही.

तिसरा अलोलुपत्व, म्हणजे हावरेपणा नसणं. एका दाराला लागलं आणि एस्टिमेटमध्ये मागच्या दिवाळीतला बंपरचा जुना ओरखडाही हळूच घुसवला, तर आपण नुकसान झालेल्या माणसाचे नुकसान करणारा माणूस झालो. याच अध्यायाच्या शेवटाकडे नरकाची तीन दारं सांगितली आहेत: काम, क्रोध, लोभ. गाडी आपली असताना क्रोध आणि लोभ ही दोन दारं एकाच वेळी उघडी असतात, आणि दोन्हींवर 'मी तर निर्दोष आहे' अशी पाटी असते.

चौथा अपैशुन. म्हणजे चहाडी न करणं, दुसऱ्याचे दोष चव्हाट्यावर न मांडणं. गाडीचा फोटो ग्रुपवर टाकून "कोण आहे हा नालायक?" लिहिण्याआधी वॉचमनला विचारा, फुटेज मागा. फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी मागा. आणि पुरावा नसताना गाडी पुसणाऱ्याचं नाव तर चुकूनही घेऊ नका. तुमच्यासाठी तो अंदाज असतो, त्याच्यासाठी ती महिन्याची चूल असते. आमच्या कामात मोठी सिस्टिम पडली की ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम लिहितात: काय झालं, किती वाजता, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. 'कोणी' हा रकाना मुद्दाम गाळलेला असतो. सोसायटीच्या बैठकीत हे करून बघा. 'त्या खांबाला रिफ्लेक्टर लावा, कोपऱ्यातला कॅमेरा दुरुस्त करा, वळणावर गोल आरसा बसवा.' पुढचे चार ओरखडे तरी वाचतील.

नाथांची आठवण

क्षमेचा विषय निघाला की पैठणचे एकनाथ महाराज आठवतातच. गोदावरीवर स्नान करून परतताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ पुन्हा नदीवर जायचे, पुन्हा स्नान करायचे. कितीदा तरी असं झालं, शेवटी थुंकणारा थकला आणि पायाशी आला. नाथांनी उलट त्याचेच उपकार मानले की तुझ्यामुळे गोदामाईचं इतक्यांदा स्नान घडलं. ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो.

या कथेतली एक गोष्ट मात्र सुटते. नाथांनी जे सोसलं ते स्वतःच्या अंगावरचं होतं. म्हणून क्षमा करण्याचा अधिकारही त्यांचाच होता. दुसऱ्याच्या अंगावर उडालेलं आपण परस्पर माफ करू शकत नाही. "जाऊ दे, काका एवढे श्रीमंत आहेत, त्यांना काय फरक पडतो" ही क्षमा नव्हे. ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली उदारता आहे.

तीन पळवाटा, भक्तांसाठी खास

ज्यांना देवाचं वेड नाही त्यांच्या पळवाटा साध्या असतात. आपल्या जरा सुशिक्षित असतात, म्हणून नावानिशी सांगतो.

एक: "त्यांच्या प्रारब्धात होतं." प्रारब्ध हा शब्द स्वतःचं दुःख सोसताना वापरायचा. दुसऱ्याचं नुकसान आपण केलं आणि त्याच्या प्रारब्धावर ढकललं, तर तो कर्मसिद्धांत राहत नाही, हात झटकणं होतं.

दोन: "मी कर्ता नाही, सगळं करून घेणारा तो." मान्य. मग बोनस मिळाला तेव्हाही हेच म्हणालो होतो का? कर्तेपण सोडायचं असेल तर आधी श्रेयाचं सोडा. चुकीचं कर्तेपण शेवटी सुटतं.

तीन, आणि ही सर्वांत गोड: "मी देवळात ५०१ रुपये टाकतो आणि माफी मागतो." देवाची माफी जरूर मागा. पण ज्याच्या दाराला पोचा पडला तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि त्याच्याकडे जायला लिफ्ट आहे. विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला आपण आठ-आठ तास रांगेत उभे राहतो. एका बेलचं बटण दाबायला तीन सेकंद लागतात. तीच तीन सेकंद आपल्याला जड जातात. का जातात, यावर आज जपाला बसण्याआधी दोन मिनिटं विचार करा.

आजचा अभ्यास

१. गाडीच्या कप्प्यात आज एक छोटी वही आणि पेन ठेवा. चिठ्ठी लिहायची वेळ आली तर 'कागद नव्हता' ही सबब आधीच संपेल.

२. आपली विमा पॉलिसी उघडून तीन आकडे बघा: संपण्याची तारीख, नो क्लेम बोनसची टक्केवारी, आणि स्वतः भरायची रक्कम. कंपनीचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

३. तुमची गाडी कोण पुसतं, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर उद्या सकाळी विचारा.

४. २६ गुणांपैकी आज आपण दहा पाहिले, आणि ओघात अहिंसा, अद्रोह, दया, दान यांनाही नमस्कार केला. उरलेले स्वतः शोधा आणि त्यातला एक निवडून दिवसभर सोबत ठेवा. एकच. सगळे एकदम घेतले की एकही राहत नाही.

उद्या चौथा श्लोक, आसुरी संपत्तीची सहा लक्षणं. त्यातलं पारुष्य, म्हणजे कठोर बोलणं, आपण ऑफिसच्या ईमेलमध्ये शोधणार आहोत. तोवर सांभाळून चालवा आणि मागे घेताना आरशात दोनदा बघा.

राम कृष्ण हरी.